शिक्क्याचा दिवस

"माणूस घरी आलाय की तुरुंगात पडलाय, काही कळत नाही. भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतायत..."

आई हे फडताळाच्या दाराशी बोलावं तसं पुटपुटली. पण पाठीमागे चहा गाळणाऱ्या ताईला ते नीट ऐकू जाईल, एवढी काळजी तिने घेतली होती. ताईच्या कानांनी ते ऐकलं. ताईने नाही ऐकलं.

कॅलेंडरच्या पानापानांवर मिळून पेन्सिलीच्या एकशे ऐंशी रेघा झाल्या होत्या. आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ताईचा धाकटा भाऊ परदेशातून धावत आला, आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिकडच्या ऑफिसचं काम करत राहिला. उद्या सकाळी तो निघणार होता. निघायलाच हवं होतं. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथे भरले, की कायद्याच्या लेखी माणूस इथला 'निवासी' होतो, आणि मग जगात कुठेही मिळवलेल्या पैशावर त्याला इथे कर भरावा लागतो. त्यात धाकट्याने यंदा पंधरा वर्षं जपलेले शेअर विकले होते. तिकडे त्यावर कर नव्हता, इथे चांगला घसघशीत होता.

ताईचं तर कामच हे. परदेशात नोकरी करणाऱ्यांनी कुठल्या देशात किती दिवस राहावं, काय केव्हा विकावं, हे ती सांगे. चाळिशी उलटल्यावर कायद्याची जाडजूड पुस्तकं आणून, एका हाताने आईची औषधं सांभाळत ती हे सगळं आपलं आपण शिकली होती.

पण त्या एकेका रेघेबरोबर तिच्या काळजात काय तुटत होतं, ते कॅलेंडरवर कुठे उमटणार? सकाळी त्याच्या खोकल्याने घर जागं व्हायचं, आई जेवताना दोन घास जास्त घ्यायची, वर्षभर मुका पडलेला रेडिओ पुन्हा खरखरू लागला होता... आणि ताई आपल्या व्याकूळ मनाला दटावत दर रविवारी त्याला बजावत राहायची, "आता इतकेच दिवस उरले हं."

"बॅग भरलीस?" तिने आत्ताही विचारलं.

"भरतो."

"वजन केलंस?"

"ताई, तुला मला घालवायची एवढी घाई आहे, की बॅगेनंतर मलाही काट्यावर उभं करशील."

ती हसली. हसून झाल्यावर ते वाक्य काट्यासारखं रुतून राहिलं. याला खरंच असं वाटतं?

बावीस वर्षांपूर्वी एकाच परदेशी कंपनीने या दोघांनाही नोकरीला बोलावलं होतं. वडील नुकतेच गेले होते. आई भिंतीकडे बघत दिवस काढत होती. तेव्हा एकदा जेवताना ताई म्हणाली होती, "मला नाही बाई झेपायचं. विमानाची भीती वाटते मला." धाकटा गेला. घराला मात्र कायमची एक थट्टा मिळाली. आकाशात घरघर झाली की आई म्हणायची, "धरा रे हिला." सगळ्यांत मोठ्याने ताईच हसायची. गेल्या महिन्यात एका परदेशी गुंतवणूक कंपनीचं पत्र आलं, नऊ महिने येऊन आमच्या माणसांना हेच सगळं शिकवा म्हणून. त्यावरही तिने विमानाचंच कारण लिहून ठेवलं होतं. फक्त पाठवलं नव्हतं.

चहाचा कप बाजूला सारून तिने त्याची फाइल उघडली, पासपोर्ट काढला, नेहमीच्या सवयीने शिक्का पाहिला. मग कॅलेंडरकडे पाहून पुन्हा एकदा पाहिला.

शिक्क्यावरची तारीख कॅलेंडरवरच्या पहिल्या रेघेच्या आदल्या दिवसाची होती. विमान रात्री बाराच्या थोडं आधी उतरलं होतं, आणि धाकट्याने दाराची बेल वाजवली ती मध्यरात्र उलटून सव्वा वाजता. घरी पोहोचलात तो दिवस नाही, शिक्का बसला तो दिवस धरायचा, हे ज्या बाईने शेकडो लोकांना पढवलं, तिने आपल्या भावाचे दिवस मात्र तो दारात उभा राहिला तिथून मोजले होते...

"अरे, आजच एकशे एक्याऐंशी झाले. उद्या विमानतळावर पाय ठेवलास तरी ब्याऐंशी भरतात." बोलता बोलता ती लॅपटॉपवर तिकिटं शोधू लागली. "संध्याकाळी सहाचं एक विमान आहे. आत्ता निघालास तर..."

धाकट्याने अलगद लॅपटॉप मिटला.

"नाही जात."

"वेड लागलंय का? एवढा कर बसेल!"

"बसू दे. सहा महिने फुकट जेवलो, भाडं समज."

"माझी चूक आहे रे. जगाला शिकवते, आणि माझ्याच भावाला..."

"मला दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं ते."

"आणि बोलला नाहीस?"

"तू एक दिवस जास्त देत होतीस. मी कशाला परत करू?"

डोळे पुसता पुसता ताईने आईकडे पाहिलं. आई नको इतक्या मन लावून साखरेचा डबा पुसत होती.

"हिलाही माहीत आहे?"

"त्या कंपनीचं पत्र तिनेच दाखवलं मला," धाकटा म्हणाला. "ऑफिसशी बोललोय. वर्षभर इथूनच काम करेन. आईचं पथ्य, औषधं, तिची बोलणी, सगळं माझ्याकडे. मी निवासी होतो, ताई. आता तू अनिवासी हो. नऊ महिने नियमात कसे बसवायचे, ते तूच बघ."

ताईला वाटलं, मला घालवायची घाई आता यालाच झालीय. तिला हसू आलं, रडूही आलं, आणि जिभेवर मात्र सवयीने तेच आलं.

"अरे, पण मला विमानाची..."

या वेळी कुणीच हसलं नाही. आईने डबा खाली ठेवला, काठी टेकत ती ताईजवळ आली, आणि बावीस वर्षं थट्टेत गुंडाळून ठेवलेलं वाक्य तिने अगदी हलक्या आवाजात सोडवलं.

"तुला विमानाची भीती कधीच नव्हती गं. मला तेव्हाही माहीत होतं."