यादीतलं शेवटचं गाव

मशीन बंद पडली, तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणजे... तो माझ्याकडे बघत होता, म्हणून.

ट्रॅक्टरमागची, कापूस वेचून उरलेल्या झाडांची म्हणजे पऱ्हाट्यांची कुट्टी करणारी मशीन खडखडून थांबली होती. तो वाकला आणि दात्यांत गुंडाळलेली हिरवी साडी दाखवत म्हणाला, "मॅडम, हे कोनाची?"

माझ्या आईची. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आमच्याकडे सगळेच शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. कापूस संपला की त्या सोडायच्या असतात. मी नेमकी एक बाजू विसरले होते.

यात एवढं काय, असं वाटेल. पण घाटंजीपासून मुकुटबनपर्यंतच्या पाच गावांनी मिळून ही एकच मशीन घेतली होती. पऱ्हाट्या जाळायच्या नाहीत; कुट्टी जळणाच्या कांड्या बनवणाऱ्या कारखान्याला द्यायची आणि कांड्या जळून उरलेली राख परत आपल्याच शेतात आणायची. शिवाय उभ्या पऱ्हाट्यांत बोंडअळी टिकून राहते आणि तिला गावाची शीव कळत नाही. हे सगळं घरोघरी पटवलं कोणी? मीच. भांडून आमच्या गावचा पहिला नंबर लावून घेतला कोणी? तेही मीच. आणि उद्या मशीन आली नाही तर पऱ्हाट्या पेटवून देऊ, असं मुकुटबनकरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एक गाव फुटलं असतं तर बाकीचीही फुटली असती.

"निघन का हो ते?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"पाहू. इळा हाय?"

तो कापत होता, मी ओढत होते. मशीन चालवणारा तो राजदीप, मुकुटबनचाच. त्याचंच गाव खोळंबलं होतं, तरी त्याचे हात शांत होते.

"लय मजबूत साडी हाय."

"आईच्या लग्नातली हाय."

"मंग डुकरं भेत नसतीन. लग्न समजून येत असतीन."

इतक्या धास्तीतही मला हसू फुटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुकुटबनच्या बचतगटाच्या विमलताई होत्या.

"जय भीम, ताई. मशीन अटकली थोडी... माह्याच हातून. मी धुरा पाह्यला नाई."

माझ्यासाठी खोटं बोलत होता! मला ते गोडही वाटलं आणि सहनही होईना. मी फोन घेतला. "ताई, मी समीक्षा. चूक माही हाय. साडी सोडाची राह्यली."

ताई म्हणाल्या, "अवं बाई, आमच्याकडं तं अख्ख्या शिवारात साड्याच साड्या हाय. बरं झालं सांगतलं. आजच सोडून ठेवतो. मशीन परवा आली तरी चालते."

"पेटवसान तं नाई ना?"

"वाट पाह्यतो म्हून सांगून राह्यली ना."

मी तिथेच शेताकडेच्या धुऱ्यावर बसले. किती वेळाने मोकळा श्वास घेतला होता! राजदीपने पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतरचा महिनाभर मी मशीनमागे पाचही गावं फिरले. साड्या सोडल्या का ते बघायला, असं घरी सांगून.

शेवटचं शेत झालं त्या दुपारी विमलताईंच्या अंगणात मी पुढच्या वर्षीची यादी लिहीत होते. ताई चहा ठेवायला आत गेल्या. राजदीप शेजारी येऊन पाना पुसत उभा राहिला.

"तुमच्या गावचा नंबर शेवटी लावा."

"काहून? एका साडीची एवढी शिक्षा?"

"शेवटच्या गावात मशीन पावसाळाभर ठेवा लागते. तेलपानी पाहा लागते. अन् मशीनसंगं... मले थांबा लागते."

"एवढं तेल पेते मशीन?"

"नाई पेत." त्याचे कान लाल झाले होते. "तुमी आवडता मले. म्हून म्हनलं."

मी पहिल्या ओळीतलं आमच्या गावचं नाव खोडलं आणि अगदी खाली लिहिलं. गावाला काय सांगायचं ते नंतर बघू... यंदाचा पहिला पुढच्या वर्षी शेवटी, नियमच करून टाकू!

"पन," मी मान वर न करता विचारलं, "मी सालभर वाटच पाहू काय?"

तो हसला. "सोमवारी तुमच्या वावरात राख टाकाले येतो ना."

सोमवारी तो आला. राखेच्या ट्रॉलीवर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.