रोजचा पाला

फिदेलियाने त्याला कुंपणावरच पकडलं. मेक्सिकोतल्या टिकुल गावाबाहेर, तिच्या वडिलांच्या मक्याच्या कडेला रानटी नीळ माजली होती आणि एक तरुण तिचा पाला ओरबाडून पोत्यात कोंबत होता.

"काय रे, चोरी करायची तीही तणाची?"

"तण नाही, नीळ आहे. आणि मी चोर नाही... एर्मिलो. कासियानो मालकांकडे रंग करतो. मडक्यांसाठी, माया लोकांच्या जुन्या देवळांतला निळा."

"जमला?"

"अजून नाही—" तो हसला. "म्हणजे उद्याही यावं लागेल."

तो रोज येऊ लागला. पाल्यातून काढलेली नीळ पांढऱ्या मातीत घोटून मंद आचेवर तापवायची. मातीतलं पाणी उडालं की त्या जागी नीळ शिरते आणि मग काही केल्या निघत नाही, असं तो सांगायचा. त्याचा रंग मात्र निघायचा. आंबट संत्रं पिळून चोळला की ओघळायचा. फिदेलिया त्याची यथेच्छ टर उडवायची. तो गेल्यावर आपलं कामात लक्ष लागत नाही, हे तिने स्वतःशी मुकाट्याने कबूल केलं होतं.

एके सकाळी तो म्हणाला, "मालक वैतागलेत. शनिवारपर्यंत रंग टिकला नाही तर काम बंद. मग कान्कूनला जायचं, हॉटेलात ताटं उचलायला."

हे तो इतकं सहज म्हणाला की तिला रागच आला. तिने त्याच्याकडून नीळ-मातीची चिमूटभर कच्ची पूड मागून घेतली, भाकरीच्या तव्यावर टाकली आणि विझत्या निखाऱ्यांवर दुपारभर हलवत बसली. पूड हिरवट निळी झाली. तिने ती मातीच्या वाटीला फासून वर संत्रं पिळलं, साबणाने खळखळून धुतलं. रंग ढिम्म हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वाटी त्याच्यापुढे धरली.

"मला एका दुपारी जमलं. तुला का जमेना?"

एर्मिलोने वाटी तिच्या हातातून घेतली. "मलाही जमलंय... पहिल्याच आठवड्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रंग जमला की मालक नीळ पोत्यांनी बाहेरून मागवणार. मग मी इथे कशाला यायचं? म्हणून... आच अर्ध्यातच विझवायचो."

"म्हणजे कान्कूनला जाशील, पण तोंड उघडणार नाहीस! धन्य आहे तुझी."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

फिदेलियाला फार आनंद झाला होता. तो दाखवायची तिला मुळीच घाई नव्हती.

"आज मालकांना खरं सांग. आणि उद्या कुंपणाशी दिसलास तर कुत्रं सोडीन."

त्याचा चेहरा पडला.

"दारातून ये ना, वेड्या! आईवडिलांना घेऊन, पाव नि चॉकलेट घेऊन, रीतसर मागणी घालायला. आणि हे बघ... पहिल्या खेपेला बाबा नाहीच म्हणतील, तशी रीतच आहे. घाबरून पळू नकोस. पुन्हा ये."