दुखतंय कुठं, ते तिला ठाऊक

मोबाईल ठेव बाजूला, समर्थ. तेजस्वी, तू हवं तर आत जा. घाबरलीस तर तुझी आई मला बोलेल.

"संतोषकाका, आधी सुरू तर करा. झोप यायला लागली."

बरं. बदलापूर गावातलीच गोष्ट आहे, आपल्या गल्लीतली. पंधरा सप्टेंबर दोन हजार पंचवीस. सोमवार, भाद्रपदातली अविधवा नवमी. संध्याकाळी शेजारच्या तुळशीवहिनी नवऱ्याच्या, आपल्या अनंतादादाच्या, गोळ्या आणायला निघाल्या होत्या. मी ओट्यावर बसलो होतो. सहज म्हटलं, "वहिनी, आज यशोधरेचं पान वाढलंत ना?"

यशोधरा म्हणजे दादाची पहिली बायको. तीन वर्षं संसार करून अहेवपणी, नवऱ्याआधी गेली. तिच्या नावानं वहिनी दरवर्षी या नवमीला सवाष्ण जेवू घालायच्या, साडी द्यायच्या. अडतीस वर्षं कधी चुकलं नाही.

"नाही वाढलं," त्या म्हणाल्या. "वाढणारही नाही. त्याचं हगणंमुतणं मी काढते, आणि तो मला विचारतो, बाई, तुम्ही कोण? यशोधरा कुठाय? तिच्या नावाला मी ओ दिल्याशिवाय घास घेत नाही. मेलेल्या बाईनं माझा जिवंत नवरा नेला, भावजी. आता तिला साडीपण मीच देऊ?"

दादाला स्मृतिभ्रंश. वर्षभरात तीनदा अँब्युलन्स येऊन गेली होती.

"पण काका, दरवेळी अँब्युलन्स कशाला? दिवसाच डॉक्टरकडे न्यायचं ना."

अरे समर्थ, दिवसा कळलं तर ना! तहान लागली तर सांगता येत नाही. दुखतंय कुठं ते सांगता येत नाही. दवाखान्यात रांगेत बसवलं की उठून चालायला लागतो. दुखणं आतल्या आत वाढत जातं, आणि मग एका रात्री एकदम तडफड. त्या वेळी घरात एकटी बाई आणि एकशे आठ नंबर. दुसरं आहे कोण?

तर त्या रात्री दोनच्या सुमाराला दादा बोलायला लागला. वहिनी बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या.

"यशोधरे, इथं बघ. इथं..."

रोजचंच. वहिनींनी कूस बदलली. मनात म्हणाल्या, बोल तिच्याशीच. मी नाही उठत.

तो थांबला.

मग आत कुणीतरी हळूच म्हणालं, "हं..."

बाईचा आवाज.

वहिनी उठल्या नाहीत. भीतीनं नाही रे, रागानं. त्यांनीच मला सांगितलं. इतके दिवस नुसतं नाव होतं, आता ही उत्तरंही देते?

आत कुजबुज. मग दादा हसला. वहिनींकडे बघून तो दोन वर्षांत हसला नव्हता.

मग काहीच नाही...

दोन पस्तीस. दारावर थाप.

दारात अँब्युलन्सचा डॉक्टर. तरुण पोरगा. "मावशी, तुम्हीच फोन केला ना? सकाळपासून लघवी नाही, ओटीपोट फुगलंय, म्हणालात."

"मी?"

"बाईच बोलत होत्या. पेशंटची बायको बोलतेय, म्हणाल्या."

वहिनी आत धावल्या.

आत दादा घामानं भिजलेला. पोट दगडासारखं. गडबड ऐकून मीही धावलो, गाडीत बसलो. उल्हासनगर येईपर्यंत वहिनींनी त्याचा हात धरून ठेवला होता. त्यानं तो दोनदा सोडवून घेतला.

हॉस्पिटलात नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. उजाडेपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. पण यांनी तुम्हाला सांगितलं कसं?"

वहिनी म्हणाल्या, "मला नाही सांगितलं."

सकाळी आठला त्याचे कपडे न्यायला आम्ही घरी आलो. अंथरुणात एक पुरचुंडी पडली होती. पोट दुखलं की आपल्याकडे खडेमीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधतात ना, तसली. वहिनींकडे पिशवीतलं बारीक मीठ. खडेमीठ त्या घरात कित्येक वर्षांत आलेलं नाही.

त्यांनी ती उचलली. लगेच टाकली...

मग मी हात लावला.

चटका बसला.