वाचनालयातली खंडेनवमी

पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसभावाच्या, नागेंद्रच्या बाबतीत खरंच घडलंय. गेल्या खंडेनवमीला. भर दुपारी. बेळगावजवळच्या एका विद्यापीठाच्या वाचनालयात.

नागेंद्र तिथं कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे शिव्या खातो. पोरं कॉम्प्युटरच्या फटीत च्युइंगम कोंबतात, प्राध्यापक पासवर्ड विसरतात आणि खापर फुटतं याच्या डोक्यावर. त्यात साहेबांनी फर्मान काढलेलं... दसऱ्यानंतर वाचनालय उघडेल तेव्हा सगळे जुने कॉम्प्युटर अपग्रेड झालेले पाहिजेत. नाहीतर कंत्राट संपलं.

घर वडगावात, विणकराचं. निघताना आई दारात आडवी आली.

"आज खंडेनवमी रं. माग बी बंद हाय. तुझं हत्यार म्हंजे कॉम्प्युटर. आज त्याला हात लावू नको."

"त्या साहेबाला जाऊन सांग हे!" नागेंद्र खेकसला आणि गाडीला किक मारली.

वाचनालयात दरवर्षी पूजा करायच्या यशोदाबाई, तिथल्या शिपाई. प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचं, खुर्च्या टेबलाखाली सारायच्या, दिवे बंद करायचे. कीबोर्डात कुंकू सांडतं म्हणून नागेंद्र चिडायचा. त्या हसायच्या. "एक दिस इसावा दे की रं त्यास्नी."

श्रावणात त्या वारल्या.

त्यामुळे त्या खंडेनवमीला पूजा कुणी केलीच नव्हती.

नागेंद्रनं आतून कडी घातली. वायरी बघायला सगळ्या खुर्च्या बाहेर ओढल्या आणि अपग्रेड लावलं. आकडा चढत नव्व्याण्णव टक्क्यांवर गेला...

आणि सगळे पडदे काळे.

पंखा मात्र फिरत होता. म्हणजे वीज होती.

पुन्हा लावलं. पुन्हा नव्व्याण्णव. पुन्हा काळे.

तिसऱ्यांदा त्यानं उठून टेबलावर मूठ आपटली. "ह्या नोकरीच्या आयला!" रडायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला...

सर्रर्र...

तो वळला. कुणीच नव्हतं. पण शेवटच्या रांगेतली एक खुर्ची टेबलाखाली गेली होती.

सर्रर्र...

दुसरी.

"कोण हाय?"

त्यानं आधाराला खुर्ची धरायला हात नेला...

त्याची स्वतःची खुर्चीही आत गेली होती.

खट्... दाराजवळचं बटण पडलं. दिवे गेले. नागेंद्र धडपडत दाराशी पोचला. कडी आतून तशीच होती. ती काढून तो जो पळाला, तो थेट घरी.

दसऱ्यानंतर तो शिव्या खायच्या तयारीनंच गेला. नोकरी गेली हे तो धरूनच चालला होता. साहेबांनी पाठ थोपटली.

"शाब्बास! एक पण राहिला नाही की. तुझं कंत्राट पक्कं."

नागेंद्रनं एकेक कॉम्प्युटर चालू करून बघितला, खरंच सगळे अपग्रेड झालेले.

"आता स्टाफचे नवे कॉम्प्युटर आलेत. तेवढे लाव."

खोकी कंपनीच्या सीलसकट होती. त्यानं पहिल्याची पट्टी कापली, थर्माकोल काढला...

काळ्या पडद्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं. ओलं.

दुसऱ्या खोक्यातही तेच.

"पूजा करूनच पाठवलेत वाटतं," साहेब हसले.

नागेंद्र अजून तिथंच आहे. नोकरी सोडून खाणार काय? रोज संध्याकाळी तो कॉम्प्युटर बंद करतो आणि मागे न बघता बाहेर पडतो. खुर्च्या आत सारायला तो थांबत नाही.

सकाळी कुलूप तोच उघडतो...

खुर्च्या आत असतात.