मामांच्या तळहातावर

सायकलच्या दुकानातून दुपारी सुटलो की मी मामांकडे जातो. मामा जुने तारमास्तर. आजारपणात आधी त्यांचे कान गेले, मग डोळे. बोलतात मात्र खणखणीत. त्यांना काही सांगायचं तर तळहातावर तारेच्या मोर्स लिपीत वाजवावं लागतं. बोट टेकवून उचललं की टिंब, जरा दाबून धरलं की रेघ. मला शाळा जमली नाही, हे जमलं. मामी बोलते आणि मी एकेक शब्द त्यांच्या हातावर उतरवतो.

"ह्यांना विचार, दाढी करायची की अस्वलच राहायचंय?"

मी वाजवलं. मामा गरजले, "तिला सांग, हे अस्वल तिनंच पसंत केलं होतं!"

अशी आमची दुपार मजेत जाते.

परवा मी खिडकीशी चहा गाळत होतो. मामी भाजी निवडत होती. खाटेवरचे मामा एकदम हसले.

"सावकाश रे... आज तुझा हात ओळखीचा वाटत नाही."

मी तर चार हात लांब होतो.

जवळ गेलो. खाटेपाशी कुणी नव्हतं, नुसता ओल्या लोखंडाचा वास होता. मामांच्या तळहातावरची सैल कातडी आपोआप दबत होती, उठत होती. टिंब. रेघ. टिंब...

मी वाचलं. 'ड्यूटीवर आलोय. लाइन माझ्याकडे द्या.'

"काय रे... काय झालं?" मामी कुजबुजली.

"काही नाही, मामी..."

तारघराचा रिवाज मामांनीच मला सांगितला होता. पाळी बदलताना बसलेला माणूस 'घ्या' म्हणेपर्यंत नवा माणूस यंत्राला हात लावत नाही. इथं बसलेला माणूस मीच. मी 'घ्या' म्हटलं, तर मामा कुणाच्या हाती जाणार?

मामांच्या तळहातावर मी वाजवलं, 'थांबा.'

कातडी निश्चल झाली.

आता तो रोज येतो. मी 'थांबा' म्हणतो, तो मुकाट्यानं थांबतो. रिवाज पाळणारा आहे, एवढं बरं. मामा ठणठणीत आहेत, दोन घास जास्तच जेवतात. भीतीचीही सवय होते. मी सुखात आहे.

आज चहा देताना मामी म्हणाली, "काल चटईवर तुझा डोळा लागला होता ना, तेव्हा झोपेत छान हसत होतास. सारखं 'घ्या, घ्या' चाललं होतं. कुणाला काय देत होतास रे?"