एका दिवसाचा परवाना

सुरुचीला वाइन शॉपची पायरी चढावी लागली ती मधुसूदन साहेबांच्या निरोप समारंभामुळे. साहेबांना परदेशी वाइन द्यायची असं ठरलं आणि आणायची कोणी म्हटल्यावर सगळ्या विभागाने तिच्याकडे बघितलं. कारण सरळ होतं. गुणपत्रिका खऱ्या की खोट्या, हे तपासायची तिची नोकरी. सहाचा आठ केलेला ती हातभर लांबून ओळखायची. तिला डुप्लिकेट बाटली कोण देणार?

मार्चचं नागपुरी ऊन. स्कूटीवरून उतरली तरी तिने चेहऱ्यावरचा दुपट्टा सोडला नाही. लक्ष्मीनगरातल्या त्या दुकानात ती डोळे तेवढे उघडे ठेवून शिरली.

"लाल वाइन पाहिजे. चांगली. आणि खरी."

काउंटरमागचा मुलगा हसला. रोशन त्याचं नाव. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, रोज कन्हानहून मोटरसायकलने यायचा, आणि दुकानातलं वाइनचं कपाट त्याच्याकडे होतं. त्याने एक बाटली पुढे ठेवली. लेबलावर एक बकरी होती. चष्मा लावून पेपर वाचणारी. वर इंग्रजीत ठसठशीत नाव — चष्मेवाली बकरी.

"हे वाइनचं नाव आहे?"

"ऑस्ट्रेलियाची हाये, मॅडम. फ्रान्सवाले लेबलावर महाल काढतात, हे बकरी काढतात. दोघायची वाइन चांगलीच राहते."

"राहू द्या. मला फसवू नका." ती वळली.

"थांबा न... कहाणी त ऐका. मागं लिहिली हाये, पण इम्पोर्टवाल्यानं त्याच्यावरच स्टिकर चिटकवलं." त्याने आवाज खाली आणला. "मळ्याच्या मालकाची बकरी होती. पिकलेलेच द्राक्ष खायची, कच्च्याले तोंड नाही लावायची. तिनं खाल्लं, की हे तोडणी सुरू करायचे. मग म्हातारी झाली. दिसत नव्हतं, कच्चेच खाऊन राहिली. मालकानं काय केलं... आपला चष्मा तिले देऊन टाकला."

दुपट्ट्याआड सुरुचीला हसू आलं. दुपट्टा होता म्हणून बरं.

"परवाना एका दिवसाचा देऊ, का आजीवन काढता?"

"कसला परवाना?"

"प्यायचा. सरकारी नियम हाये."

"एका दिवसाचा. आजीवन काहीच घेत नाही मी."

त्याने पुस्तकात नाव लिहिलं, तर पेन गळलं. परवान्यावर आणि पुस्तकात राहिलेल्या अर्ध्या भागावर, दोन्हींवर शाईचा निळा डाग पडला.

आजीवनाचं तिचं आधीच एकदा झालं होतं. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा झाला, आणि महिन्याभरात होणाऱ्या नवऱ्याचीच गुणपत्रिका तपासणीला तिच्या टेबलावर आली. खोटी निघाली. अंगठी परत गेली. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं, तपासल्याशिवाय कोणाचं काही खरं मानायचं नाही.

त्या संध्याकाळी समारंभात कळलं, साहेबांचं पिणं डॉक्टरांनी बंद केलेलं. बाटली फिरून सुरुचीकडेच आली. तिची आई सत्यवती, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, तिला कशाचंच भय नव्हतं. "परवाना आजचा हाये न? मग वाया काहून घालवतं?" म्हणत तिने स्टीलचे पेले मांडले. सोबत सावजी मटण. पहिल्या घोटाला जांभूळ, मग मिरं, आणि शेवटी जिभेवर कवठासारखी ओढ.

"हे आपल्या तिखट तर्रीले भेत नाही," आई म्हणाली आणि पेला पुढे केला.

पुढच्या शनिवारी सुरुची परत गेली. दुकान घराच्या वाटेवर नव्हतं, तरी गेली.

त्या आठवड्याला 'तीन बहिरे काका' मिळाले. बाकावर तीन म्हातारे, तिघांची तोंडं तीन दिशांना. हलकी वाइन, संत्र्याच्या सालीचा वास असलेली. नंतर 'उसनी शिडी'. गडद, जरा कडवट. लेबलावर आभाळाखाली नुसती उभी शिडी.

"ही टेकली कशाला आहे? भिंतच नाही."

"शेजाऱ्यानं शिडी परत नाही केली, म्हणून मालकानं भिंत परत नेली."

"हे सगळं स्टिकरखाली लिहिलंय?"

"पूरं." तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता, जरा जास्तच वेळ. "तुमी डोळे बारीक करता न... मले परीक्षेत बसल्यावानी वाटते."

"माझ्याकडे पास होणं कठीण आहे."

"एटीकेटी त देसान?"

असे पाच शनिवार गेले, दुपट्टा एकदाही न सोडता. घरी ती आईला गोष्ट सांगायची, घोट घेताघेता हसायची, आणि सोमवारपासून शनिवार मोजायची. मग एकदा अंथरुणात पडल्यापडल्या तिला आठवलं, मधल्या काकांचा आधी डावा कान बहिरा होता. गेल्या शनिवारी बोलताना उजवा झाला!

रविवारी सकाळी तिने रिकाम्या पाचही बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवल्या. स्टिकर अलगद सुटले. खाली बारीक इंग्रजी होतं — पिकलेल्या फळांची चव, भाजलेल्या मांसासोबत घ्यावी. बकरीचा उल्लेख नाही. काका नाहीत, शेजारी नाही. पाचही बाटल्यांवर कुठेच काही नाही.

मोरीतल्या पाटावर बसून सुरुची रडली. पाच शनिवार ती तपासायचं विसरली होती, आणि त्या विसरण्यात सुखात होती, याचा तिला राग आला. हा असं सगळ्याच पोरींना सांगत असेल... नक्कीच असेल.

ती दोन शनिवार गेली नाही. आईने काही विचारलं नाही. बुधवारी मात्र आईच पिशवी घेऊन बाहेर पडली आणि तासाभराने एक बाटली टेबलावर ठेवली. चष्मेवाली बकरी.

"पाहून आली तुह्या कहाणीवाल्या मास्तरले," आई म्हणाली. "चित्रावर बोट ठेवून इचारलं, हे बकरी चष्मा काहून घालते?"

"मग?" सुरुचीचा घास हातातच राहिला.

"म्हणे, डिझाइन हाये काकू. मटनासंगं घ्या." आईने पदराने बाटली पुसली. "मले त कहाणी नाही सांगितली वं त्यानं."

सुरुचीने घास ताटात ठेवला. सगळ्यांना सांगत नव्हता तर. पण खोटं ते खोटंच.

शनिवारी भर दुपारी, चेहऱ्यावर दुपट्टा तसाच, तिने पाच रिकाम्या बाटल्या काउंटरवर ओळीने मांडल्या, पाठी त्याच्याकडे करून. ऑफिसात पुरावे मांडते तशाच.

"मागे कहाणी नाही."

रोशनने नाकारलं नाही. कानापर्यंत लाल झाला. मग खणातून परवान्याचं पुस्तक काढून तिच्यापुढे सरकवलं. "पाठीमागं पाहा."

तिच्या नावाच्या प्रत्येक अर्ध्या भागामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. *बकरी. चष्मा मालकाचा. मॅडम डोळ्यांनी हसल्या.* मग: *काका. डावा कान सांगितला. उजवा म्हणू नये.*

"हे काल बसून लिहिलं असेल तुम्ही," सुरुची म्हणाली, पण आवाज तेवढा पक्का नव्हता. तिने पहिला कागद उजेडाला धरला. पुढच्या बाजूचा शाईचा डाग कागदातून मागे उतरला होता. ओलाच असताना मागचं लिहिणारी बोटं त्यातून गेली होती, आणि बकरीच्या 'ब'ला निळी शेपटी फुटली होती. लिहिलं होतं त्याच दिवशी. खाडाखोड कुठेच नव्हती.

तिने शेवटपर्यंत पानं उलटली. तिथले दोन परवाने न फाडलेले, तारखा गेल्या दोन शनिवारच्या, नाव तिचंच. मागे एकेकच ओळ. *आल्या नाहीत.* दुसऱ्यावरही तेच.

तिने वर बघितलं. "का सांगितलं खोटं?"

"पहिल्या दिवशी तुमी जाऊन राहिल्या होत्या..." तो थांबला. "मग तुमी येऊन राहिल्या होत्या."

 सुरुचीने बकरीच्या बाटलीचं चित्र त्याच्याकडे फिरवलं.

"यापुढे स्टिकरखाली असेल तेच सांगायचं," ती म्हणाली.

"आन् कहाणी?"

"कहाणी आहे असं सांगून सांगायची. मला चालेल."

"म्हणजे पास?"

"एटीकेटी."

त्याने कपाटातून नवी बाटली काढली, लेबल न बघताच, आणि पेन उचललं. "एका दिवसाचाच न?"

सुरुचीने त्या दोन न फाडलेल्या परवान्यांवर हात ठेवला. दुकानात ती नेहमी पुस्तकासारखं बोलायची. घरचं बोलणं घरीच ठेवायची. आज ते आपोआप बाहेर आलं.

"मले आजीवन पाहिजे."

रोशनचं पेन हवेतच राहिलं. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि त्याला ते काय म्हणत आहेत ते नीट कळलेलं दिसत होतं. कारण त्याचा आवाज कापला.

"त्याच्या अर्जाले... फोटो लागते. पुऱ्या चेहऱ्याचा."

सुरुचीने मानेमागे हात नेले आणि दुपट्ट्याची गाठ सोडली.