तीन शब्दांखालच्या रेघा

डब्याच्या पिशवीत हात घातला आणि चिठ्ठी लागली. तिसरी.

चिमीच्या आईने ती लगेच उघडली नाही. आधी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून चिमी दिसतेय ना, ते पाहिलं. साडेतीन वर्षांची चिमी सोफ्यावर पालथी पडून चित्रांचं पुस्तक चाळत होती. मग तिने घडी उलगडली.

निळी शाई, ठोकळ्यासारखी इंग्रजी अक्षरं. वी मे कम फॉर हर. आम्ही तिला न्यायला येऊ शकतो.

येणार, असं नाही. येऊ शकतो. म्हणजे आज, उद्या, कधीही.

पोलीस ठाण्यातून आलेल्या इन्स्पेक्टर बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिलीत होतं, आय कॅन टेक हर फ्रॉम यू. दुसरीत, शी मस्ट नॉट स्टे विथ देम. तिने त्यांच्याकडे राहता कामा नये.

"मी तिला तुझ्यापासून नेऊ शकतो," तिने पहिलीचा अर्थ सांगितला. "की शकते, कोण जाणे. इंग्रजीत तेही कळत नाही. एकीत 'मी', दुसरीत 'ते', आता 'आम्ही'. हे कोण? रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे मी बघत बसते."

"शाळेत जाते ही पिशवी?"

"पाळणाघरात. सकाळी व्हॅनवाले काका नेतात. दिवसभर तिथल्या टीचरकडे असते. चार वाजता माझी मोठी बहीण चिमीला घरी आणते आणि मी येईपर्यंत थांबते."

"यजमान?"

"महिनाभर परगावी. फोनवर म्हणाले, कुणीतरी टिंगल करतंय."

"तुम्ही काय करता?"

"औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासते. सोमवारपर्यंत. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय." तिचा आवाज चिरकला. "दुसरं काय करू? तिकडे बाटल्यांवरची अक्षरं वाचताना मला ह्याच ओळी दिसतात. परवा दुपारी दोनला इतकी भीती वाटली की ताईला फोन लावला. तीनदा. तिने उचललाच नाही. मग काहीबाही मनात आलं."

"अगं, झोप लागली होती," ताई ओट्याजवळून म्हणाली. ती चिमीसाठी दूध गाळत होती. "आणि नोकरी कशाला सोडतेस? इतकी शिकलीस ती काय घरी बसायला? माझ्याकडे ठेव ना तिला दिवसभर."

इन्स्पेक्टर बाईंनी एक चिठ्ठी उजेडात धरली. "या रेघा तुम्ही मारल्या?"

"नाही. तशाच होत्या."

प्रत्येक चिठ्ठीत तीन शब्दांखाली रेघ होती. फूटपट्टीने मारलेली, सरळ. पहिलीत आय, कॅन आणि फ्रॉम. दुसरीत शी, मस्ट आणि विथ. तिसरीत वी, मे आणि फॉर.

"'फ्रॉम'चे एवढे लाड कशाला?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. चिठ्ठ्या पाकिटात घालून निघताना म्हणाल्या, "दाराला आतून कडी लावा."

रविवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना त्याच टेबलाभोवती बसवलं. चिमी आतल्या खोलीत झोपली होती. आईने खुर्ची अशी ओढून घेतली होती की खोलीचं दार नजरेआड होऊ नये.

"काका, इंग्रजी येतं?"

"फर्डं बोलतो, बाई," व्हॅनवाले काका म्हणाले. "पाच वर्षं परदेशी पाहुण्यांची गाडी चालवलीय. लिहायचं म्हटलं की मात्र घाम फुटतो."

"टीचर, तुम्ही?"

"मला येतं. शिकवते ना." टीचरचा चेहरा लाल झाला होता. "पण मी असं का करीन? ह्या चिठ्ठ्यांपायी दोन पालकांनी मुलं काढलीसुद्धा. पाळणाघर बंद पडलं तर मीच घरी बसणार."

"ताई?"

"माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि सॉरी. त्यातही सॉरीच जास्त लागतं."

काका हसले. आईलाही क्षणभर बरं वाटलं. ताई होती म्हणून तर ती हे दिवस कसेबसे काढत होती.

"आणखी एका बाईंना बोलावलंय," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या आणि दार उघडलं.

पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई आत आल्या. काका आणि टीचर बसूनच राहिले. ताई मात्र ताडकन उभी राहिली. हात मागे, मान खाली, वर्गात उभं राहावं तशी.

"अरे, तुम्ही इथे?" पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. "बसा, बसा."

ताई बसली नाही.

आईने बहिणीकडे पाहिलं. मग इन्स्पेक्टर बाईंकडे. "ह्या कोण?"

"बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतात. दुपारी दोन ते तीन." इन्स्पेक्टर बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. "ज्याला घाबरवायचंय तो 'टेक'खाली रेघ मारेल. नेण्याची भीती दाखवायचीय ना? इथे रेघ 'फ्रॉम'खाली, 'विथ'खाली, 'फॉर'खाली. ज्या शब्दांना कुणी भीत नाही अशा. म्हणजे रेघ घाबरवायला मारलेली नाही, सवयीने मारलीय. अशी सवय कुठे लागते? आसपासचे चार वर्ग पालथे घातले. चौथ्यात ह्या भेटल्या. बाई, तुमची पद्धत सांगा."

बाईंनी चिठ्ठ्यांवर नजर टाकली. "माझ्याकडे तीन डबे असतात. एकात आय, यू, शी असे शब्द. दुसऱ्यात फ्रॉम, विथ, फॉर. तिसऱ्यात कॅन, मस्ट, मे. प्रत्येकीने प्रत्येक डब्यातून एक चिठ्ठी उचलायची, रोजच्या वापरातलं वाक्य करायचं आणि उचललेल्या तीन शब्दांखाली फूटपट्टीने रेघ मारायची. रेघा नसतील तर मी वही तपासत नाही." त्या थांबल्या. "पण ही वाक्यं माझ्या वर्गातली नाहीत."

"वाक्यं ह्या ताईंची स्वतःची. हात मात्र वर्गात तयार झालेला. चार महिने रोज तेच केल्यावर डबे समोर नसतानाही हात फूटपट्टी शोधतो. अक्षर लपवलं, रेघ लपवायचं सुचलंच नाही. इंग्रजीत लिहिलं म्हणजे इंग्रजी न येणारी आधी सुटणार, हा हिशोब बाकी पक्का होता. दोन वाजता फोन का उचलला नाही, तेही कळलं ना? वर्गात फोन बंद ठेवावे लागतात."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई," आई म्हणाली. "का?"

"वाटलं, घाबरशील आणि पाळणाघर सोडवशील. माझ्याकडे ठेवशील." ताई टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखी बोलत होती. "तू नोकरी सोडशील असं वाटलं नव्हतं गं. ते ऐकल्यावर थांबणारच होते."

"राजीनाम्याचं तुला बुधवारीच सांगितलं होतं. तिसरी चिठ्ठी शुक्रवारी आली."

ताईने टेबलावरची तिसरी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"सरळ विचारायचंस ना."

"विचारलं होतं. दोनदा. तू म्हणालीस, तिला इंग्रजी बोलणाऱ्यांत राहू दे, ताई, तुझ्याकडे काय शिकणार ती?" ताईने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणून वर्ग लावला. जमायला लागलं की सांगणार होते. पण तोपर्यंत तू तिची वर्षभराची नावनोंदणी करून मोकळी झालीस."

आईला ते बोलणं आठवलं. भाजी निवडताना, सहज बोलली होती. पण भीती तशीच होती, आता तिला ओळखीचा चेहरा मिळाला होता. रोज चार ते साडेसहा. घराची किल्लीही ताईकडेच.

"तक्रार ठेवायची की मागे घ्यायची?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं. "तुमच्यावर आहे."

आतून झोपाळलेला आवाज आला. "माऊ? माऊ, ये ना."

चिमी मावशीला माऊ म्हणायची. ताईचं पाऊल आपोआप पुढे पडलं, मग तिथेच थांबलं. तिने बहिणीकडे पाहिलं.

आई उठली. ताईच्या अगदी जवळून, अंग न लागू देता, आतल्या खोलीत गेली. आणि चिमीला जवळ घेण्याआधी तिने दाराला कडी लावली.